खेळ संजीवनीचा, हिशोब अमरचा

खूप दिवसांपासून या विषयावर लिहायचं मनात होतं, पण दर शनिवारी काहीतरी आडवं येतं. कधी रिलीज, कधी आळस. (बहुतेकदा आळसच.) आज मात्र लिहायचंच असं ठरवून बसलोय. दिवाळीत चार दिवस गावी होतो आणि चारही संध्याकाळी एकाच प्रश्नावर घसा बसेस्तोवर भांडलो. प्रश्न तसा साधा आहे: चांगला रेडर कोणाला म्हणायचं?

ज्यांना कबड्डीत काडीचाही रस नाही त्यांनीही जरा थांबा. हा विषय शेवटी तुमच्या अप्रेझलपर्यंत येणार आहे.

आमचं गाव आंजी (मोठी). वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागतं. नावातच कंस असल्यामुळे मी प्रोग्रामर झालो असा एक जुना विनोद आहे, तो इथे पुन्हा करत नाही. तर आमच्या भागात सोयाबीन निघालं की गावोगावी रात्रीचे कबड्डीचे सामने सुरू होतात. खुला गट, वजनी गट, मोठाले हॅलोजन, माईकवर न थांबता बोलणारा एक निवेदक आणि मैदानाच्या चारी बाजूंनी माणसंच माणसं. सामना रात्री संपतो, पण चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चालू राहते. तिचा नमुना असा:

"पोट्ट्यानं पंधरा पॉइंट काढले ना बे! आखीन काय पायजे तुले?"

"पंधरा काढले, पन मॅच तं हारली ना?"

"थे डिफेन्सच्यानं हारली. त्याच्यात त्याचा काय दोष?"

"अन् थो सात वेळा धरल्या गेला, थे कोन मोजन मंग?"

यावर सगळी टपरी गप्प. कारण ते खरोखरच कोणी मोजलेलं नव्हतं. पंधरा पॉइंट सगळ्यांना पाठ होते, कारण निवेदक दर पॉइंटला त्याचं नाव घेत होता. पकडला गेला की नाव पकडणाऱ्याचं घ्यायचं, असा माईकचा रिवाज आहे. म्हणजे रेडरची जमा बाजू लाउडस्पीकरवर आणि खर्चाची बाजू कुठेच नाही. असल्या वहीवर आपण किराणा दुकानदारालाही विश्वास ठेवू देणार नाही, पण कबड्डीपटूचं नशीब मात्र खुशाल ठरवतो.

माझं म्हणणं आधीच स्पष्ट मांडतो. सर्वात जास्त पॉइंट काढणारा रेडर तो चांगला रेडर, ही समजूत चुकीची आहे. आणि नुसती चुकीची असती तर सोडून दिलं असतं, पण ती गावागावातल्या पोरांचं नुकसान करते आहे.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे हुतूतू एका प्रकाराने खेळला जात नव्हता. तीन प्रकार प्रसिद्ध होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत खेळाडू बाद झाला की बाहेर बसायचा आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत व्हायचा. गामिनीत एकदा बाद झाला की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि अमरमध्ये? अमरमध्ये बाद झालेला खेळाडू बाहेर जायचाच नाही. समोरच्या संघाच्या नावावर एक गुण लिहायचा आणि खेळ पुढे चालू.

आजची कबड्डी संजीवनीवरून आली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या मंडळींनी नियम बांधायला घेतले. १९३६ साली आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. थोडक्यात, विदर्भाला कबड्डी काही टीव्हीने शिकवलेली नाही. आणि तरीही आमच्या टपरीवरचा (आणि तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा) प्रेक्षक रेडरचं मोजमाप करताना संजीवनी विसरतो आणि थेट अमरमध्ये जाऊन बसतो. काढलेले गुण तेवढे लिहायचे, बाद होण्याची किंमत शून्य. खेळ संजीवनीचा, हिशोब अमरचा. सगळा घोळ इथे आहे.

बाद होण्याची किंमत किती असते ते बघू. रेडर पकडला गेला की समोरच्यांना एक गुण मिळतो. त्यांचा बाहेर बसलेला एक गडी आत येतो. आपला सर्वात चपळ माणूस बाहेर जातो. तो बाहेर असताना चढाईला कोण जाणार? दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा रेडर, आणि तोही कमी गड्यांच्या संघातून. एकेक करत सातही बाद झाले की लोण, म्हणजे समोरच्यांना वरचे दोन गुण. समोर तीन किंवा त्याहून कमी पकडणारे असताना रेडर सापडला तर अव्वल पकड, म्हणजे एकाऐवजी दोन गुण. प्रेक्षकांना नेमका हाच क्षण आवडतो. समोर तिघंच उरलेत, "आता काढ!" म्हणून लोक ओरडतात, आणि पोरगा हिरो व्हायला आत घुसतो. तिथे घुसू नये असं मी म्हणत नाही, लोण जवळ असतो, घुसावं लागतंच. पण तिथे चुकीची किंमत दुप्पट आहे, हे घुसण्याआधी ज्याच्या डोक्यात आहे तो रेडर आणि ज्याच्या डोक्यात फक्त माईक आहे तो नुसता धाडसी मुलगा.

गुण तरी सगळे सारखे कुठे असतात? हात लावून एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होतो. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या बोनसने कोणी जिवंत होत नाही. शिवाय बोनस मिळतो तोही समोर सहा किंवा सात गडी असतानाच. फळ्यावर दोन्ही 'एक'च. पण आपले चार गडी बाहेर बसलेले असताना बोनस घेऊन परतणं आणि एक गडी मारून परतणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉइंट मोजणाऱ्याला हा फरक दिसत नाही. बाहेर बसलेल्या चार जणांना विचारा, त्यांना बरोबर दिसतो.

आता एक साधं गणित मांडतो. (शनिवारी गणित घातल्याबद्दल शिव्या चालतील.) समजा 'अ' नावाच्या रेडरने वीस चढायांत बारा गुण काढले आणि आठ वेळा पकडला गेला. 'ब'ने वीस चढायांत आठ गुण काढले, दोनदाच पकडला गेला आणि दहा वेळा रिकाम्या हाताने परतला. टपरीवर 'अ' राजा आणि 'ब' घाबरट. पण वजाबाकी करा. 'अ'ची बाकी अधिक चार, 'ब'ची अधिक सहा. वर 'अ' आठ वेळा बाहेर जाऊन बसला, म्हणजे तेवढा वेळ संघ त्याच्याशिवाय खेळला, चढाईतही आणि पकडीतही. बक्षीस समारंभात 'उत्कृष्ट चढाईपटू'ची ट्रॉफी कोणाला मिळणार? अर्थात 'अ'ला.

आता मोठ्या कबड्डीकडे वळू, म्हणजे हे टपरीवरचं तत्त्वज्ञान आहे असं कोणाला वाटायला नको.

१९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष संघाने ओळीने सात सुवर्णपदकं घेतली. २०१८ साली जकार्ताला संघ गेला तेव्हा त्यात प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, अजय ठाकूर, मोनू गोयत आणि आपला रिशांक देवाडिगा होता. पॉइंट काढणाऱ्यांची याहून भारी यादी त्या वेळी करणं अवघड होतं. उपांत्य सामन्यात इराणविरुद्ध या संघाचे गुण झाले अठरा. १८-२७ अशी हार आणि कांस्यपदक. इराणी पकडपटू धरून बसले आणि आपले एकेक करून त्यांच्या हाती लागत गेले. त्याच स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं. इराणच्या त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! खेळाची समज आपल्याकडे नाही असं नाही. ती आपण मोजत नाही, इतकंच.

दुसरं उदाहरण प्रो कबड्डीचं. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांहून जास्त रक्कम मोजली. तोवरची ती सर्वात मोठी बोली होती. पवन मोठाच खेळाडू आहे, त्या मोसमातही आघाडीच्या चढाईपटूंत त्याचं नाव होतंच. टायटन्सने बावीसपैकी किती सामने जिंकले? दोन. गुणतक्त्यात शेवटचे. आणि विजेतेपद कोणाला? पुणेरी पलटणला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. त्या मोसमात सर्वाधिक चढाईचे गुण मिळवणारा खेळाडू पलटणचा नव्हता. त्यांचा कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. चढाईचं ओझं चौघांत वाटलेलं. एक बाहेर गेला तरी संघ उघडा पडत नव्हता. पुढच्या मोसमात तीच गोष्ट. पाटणा पायरेट्सच्या देवांकने तीनशेच्या घरात गुण काढले आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत आणलं, पण २९ डिसेंबर २०२४ ला करंडक उचलला तो पकडीवर उभ्या असलेल्या हरियाणाने, ३२-२३.

"मग २०१७ चं काय?" असं कोणी विचारेलच. टपरीवरही विचारलं गेलं. २०१७ मध्ये प्रदीप नरवालने एका मोसमात ३६९ चढाईचे गुण काढले, एका सामन्यात ३४, आणि पाटणा विजेता ठरला. मान्य. शंभर टक्के मान्य. गुण वाईट असतात असं मी म्हणतच नाहीये. अशी माणसं असतात, ज्यांच्याकडे गुणही असतात आणि परत येण्याची कलाही. प्रदीपची प्रसिद्ध डुबकी आठवा. साखळीच्या खालून वाकून निघायचं आणि मध्यरेषा गाठायची. डुबकीचा सगळा अर्थच परत येण्यात आहे! पोरं मात्र त्यातून फक्त 'आत घुसणं' उचलतात.

ऑफिसात आमचं एक टीम कॉल अमेरिकेबरोबर असतं. तिकडे शरद ऋतू लागला की सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं कॉलेज फुटबॉलला जातात. (आपला फुटबॉल नव्हे, त्यांचा. पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात तो.) त्यांच्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो, जवळजवळ आपल्या मुख्य रेडरसारखा. चेंडू त्याच्या हातात, निर्णय त्याचा, शिव्याही त्यालाच. त्यांचं भांडण ऐकलं आणि मला टपरीची आठवण आली. एक म्हणतो, "काय हात आहे त्याचा, साठ यार्ड फेकतो!" दुसरा म्हणतो, "फेकतो, पण कोणाकडे?" त्यांच्यात एक शहाणपण मानलं जातं: कोणी मोकळा दिसत नसेल तर चेंडू सरळ मैदानाबाहेर फेकून दे. एक डाव फुकट जाईल, पण चेंडू समोरच्याच्या हाती लागणार नाही. ही त्यांची रिकामी चढाई! टॉम ब्रेडी हा मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेला मुलगा २००० साली व्यावसायिक संघांच्या निवडीत १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला. त्याच्याआधी १९८ जण निवडले गेले होते. धावायला तो संथ, दिसायला काटकुळा. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. निवडणाऱ्यांनी जे मोजता येतं ते सगळं नीट मोजलं होतं. निर्णय मोजायची पट्टी त्यांच्याकडे नव्हती.

आता आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप: "तिसऱ्या चढाईचा नियम आल्यापासून रिकाम्या चढायांचे दिवस गेले." नियम असा की एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण काढावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. बरोबर. पण या नियमाने विचाराचं काम कमी झालं की वाढलं? दोन रिकाम्या चढाया ही आता तुमच्याकडची शिल्लक आहे. ती केव्हा खर्चायची, तिसरीला कोणाला पाठवायचं, हे ठरवावं लागतं. समजा दोन मिनिटं उरलीत आणि तुम्ही तीन गुणांनी पुढे आहात. एका चढाईला तीस सेकंद. पूर्ण वेळ वापरला तर उरल्या चार चढाया, त्यातल्या तुमच्या दोन. मोजणी कोरी असेल तर त्या दोन्ही रिकाम्या काढायला नियम तुम्हाला चक्क परवानगी देतो. अशा वेळी आत घुसून पकडला जाणाऱ्याला शूर म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्याला बेजबाबदार म्हणतो.

दुसरा आक्षेप आमच्या टपरीवरच्या एका काकांचा: "लोकं रात्री बारा वाजेस्तोवर थंडीत बसतात थे काय रिकाम्या रेडी पायाले? मजा पायजे ना गड्या." काका, तुमचं अगदी बरोबर. मजा पाहिजे. पण मजा कशात आहे हे आपल्यालाही शिकावं लागतं. क्रिकेटमध्ये शेवटचा तास खेळून काढणाऱ्या फलंदाजासाठी आपण उभं राहून टाळ्या वाजवतोच ना? रेडर तीस सेकंद सात जणांच्या घरात एकटा फिरतो, कोपऱ्याला खेचतो, मधल्याला चकवतो, पकड कुठून येणार ते वाचतो आणि अंगाला हात न लागू देता परत येतो. यात मजा दिसत नसेल तर दोष खेळाचा नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "निवड समितीच पॉइंट बघते, तर पोरांनी काय करायचं?" इथे मी हसणं थांबवतो.

आमच्याकडच्या कॉलेजातल्या पोरांसाठी कबड्डी हा छंद नाही. वर्ध्याची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग राज्य, अशी शिडी. शिडीच्या टोकाला प्रो कबड्डी एखाद्याला, पण मधल्या पायरीवर सरकारी नोकरी अनेकांना दिसत असते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आणि सांघिक खेळात त्याची पात्रता कशावर ठरते? संघाचा क्रमांक कितवा आला त्यावर! कोणी किती पॉइंट काढले याचा तिथे रकानाच नाही.

म्हणजे बघा, एक रेडर टाळ्यांसाठी आठ वेळा पकडला जातो आणि संघ लवकर बाहेर पडतो, तेव्हा सगळ्या संघाचं प्रमाणपत्र हुकतं. त्याच्या पंधरा पॉइंटांचं टपरीवर आठवडाभर कौतुक होतं. कोपऱ्यावर उभं राहून घोटे धरणाऱ्या, कोरडवाहू तीन एकरांतून आलेल्या पोराचं वय तेवढ्यात एका वर्षाने वाढतं. आणि खुद्द त्या रेडरचं? गुडघा. रोज रात्री दुसऱ्या गावात, कधी मॅटवर, कधी पाणी मारलेल्या मातीवर, प्रत्येक चढाईत घुसायचंच म्हटलं तर गुडघ्याचा लिगामेंट किती दिवस साथ देणार? त्याच्या ऑपरेशनचा खर्च माईकवाला देत नाही.

आता अप्रेझल. आपल्या धंद्यात हे सगळं ओळखीचं वाटत नाही का? रात्री दोनला सर्व्हर उठवणारा हिरो, त्याच्या नावाने सगळ्यांना मेल. ज्याच्या कोडमुळे सर्व्हर कधी पडलाच नाही त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. किती तिकिटं बंद केली हे मोजतात. किती नवी उघडली गेली ते कोणी मोजत नाही. हेही अमरच! चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेल्या विचारावरून एक नियम त्याच्या नावाने ओळखला जातो: जे माप ध्येय बनतं ते माप म्हणून निकामी होतं. त्याने चलनविषयक धोरणाबद्दल म्हटलं होतं. टपरीवर हाच मुद्दा सात वेळा धरल्या गेल्याच्या प्रश्नात एका ओळीत मांडला गेला होता.

मग करायचं काय? फार काही नाही. गावच्या सामन्यात गुणलेखक असतोच. त्याच्या कागदावर प्रत्येक रेडरपुढे तीन आकडे लिहा: हात लावून काढलेले गुण, बोनस आणि किती वेळा पकडला गेला. 'उत्कृष्ट चढाईपटू'चं बक्षीस वजाबाकी करून द्या. निवेदकाला सांगा, रेडर पकडला गेला की त्याचंही नाव घे आणि दोन मिनिटं उरली असताना रिकाम्या हाताने शहाणपणाने परत आला तरीही घे. निवड समित्यांना तर हे सांगावं लागू नये, पण सांगतो. कागद मागवा, नुसता आवाज ऐकून पोरं निवडू नका.

तुम्ही पुण्या-मुंबईत टीव्हीवर सामना बघत असाल तर तुमच्यासाठी त्याहून सोपं काम आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं, "त्याने किती काढले?", तर उलट विचारा, "तो किती वेळा परत आला?" उत्तर आलं नाही, तर समजा की समोरचा अजून अमरच खेळतोय.